खतन्याआधी ‘बीटी-सीटी नॉर्मल’ एवढं पुरेसं आहे का?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या जिल्ह्यात लग्नांबरोबर खतन्यांचाही हंगाम सुरू होतो. नगरचं मुकुंदनगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, एकाच घरातल्या दोन-तीन भावंडांचा कार्यक्रम एकाच दिवशी ठरतो. देग चढते, मामू नवे कपडे आणतात, नानी आठ दिवस आधीच मुक्कामाला येते. या धावपळीत डॉक्टरांनी दिलेल्या रक्त तपासणीच्या चिठ्ठीकडे कोणी नीट बघत नाही. तिच्यावर बहुतेक वेळा चारच अक्षरं असतात: बीटी, सीटी. संध्याकाळी रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं असतं, घरचे निश्चिंत होतात.

आम्ही शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येतं म्हणून मोहल्ल्यातले पालक दवाखान्याचे कागद घेऊन आमच्याकडे येतात, “जरा बघून सांगा, काय लिहिलंय?” असे बरेच कागद बघितल्यावर आणि जाणकार डॉक्टरांशी बोलल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात आली. रक्त न गोठण्याच्या आजारांबद्दल ज्या समाजाने सगळ्यात जास्त जाणून असायला हवं, तो आपला समाज. कारण हा आजार घेऊन जन्मलेल्या मुलाच्या शरीरावर पहिली कात्री बहुतेक वेळा खतन्यातच लागते. आणि ‘बीटी-सीटी नॉर्मल’ या दोन शब्दांवर आपण जेवढा भरवसा ठेवतो, तेवढा भार ते शब्द पेलू शकत नाहीत.

रक्त गोठतं कसं?

घरातला नळ फुटला की आपण काय करतो? आधी हाताला येईल ती चिंधी भोकात कोंबतो. मग प्लंबर येऊन एमसील लावतो, ते घट्ट होतं आणि गळती कायमची थांबते. शरीरही जवळपास तसंच करतं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स धावत येऊन तिथे चिकटतात. ही झाली चिंधी. त्यानंतर रक्तातले काही प्रथिन पदार्थ, ज्यांना फॅक्टर म्हणतात, एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणतात. हे झालं एमसील. फॅक्टरना १ ते १३ असे आकडे दिलेले आहेत (त्यात सहावा नाही, एकेकाळी होता, नंतर तो वेगळा नसल्याचं कळलं आणि आकडा तसाच रिकामा राहिला).

यातल्या आठव्या फॅक्टरची कमतरता म्हणजे हिमोफिलिया ‘ए’, नवव्याची कमतरता म्हणजे हिमोफिलिया ‘बी’. ‘ए’ साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, ‘बी’ त्याहून बराच दुर्मीळ. प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवणारा वॉन विलेब्रँड फॅक्टर कमी असेल तर तो वेगळा आजार, मुलगा-मुलगी दोघांनाही होणारा. कधी प्लेटलेट्सची संख्या भरपूर असते, पण त्या कामच करत नाहीत. म्हणजे ‘रक्त गोठत नाही’ हा एक आजार नाही, अनेक आजारांचं कुटुंब आहे, आणि प्रत्येकाला पकडणारी तपासणी निराळी.

बीटी-सीटीत नेमकं काय करतात?

बीटी म्हणजे ब्लीडिंग टाइम. बोटाला किंवा कानाच्या पाळीला बारीक सुई टोचतात, दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद लावतात आणि रक्त यायचं किती वेळात थांबलं ते मोजतात. ही पद्धत ड्यूक नावाच्या डॉक्टरने १९१० साली सांगितली. सीटी म्हणजे क्लॉटिंग टाइम. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घेतात, थोड्या थोड्या वेळाने नळीचा तुकडा मोडून बघतात, आणि दोन तुकड्यांमध्ये रक्ताचा धागा ताणलेला दिसला की वेळ लिहून घेतात.

शंभर वर्षांपूर्वी या तपासण्या मोठ्या कामाच्या होत्या. आजही त्या स्वस्त आहेत, दहा मिनिटांत होतात, गावातल्या लहान लॅबमध्येही होतात, म्हणून टिकून आहेत. अडचण अशी की सुई किती खोल टोचली, बाहेर थंडी आहे की ऊन, बघणाऱ्याने नळी नेमकी कधी मोडली, यावर उत्तर बदलतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे बीटी ही फक्त चिंधीची परीक्षा आहे. हिमोफिलियाच्या मुलाची चिंधी ठणठणीत असते, बिघाड एमसीलमध्ये असतो. त्यामुळे हिमोफिलियात बीटी सहसा नॉर्मलच येतो. सीटीचं म्हणाल तर फॅक्टर जवळजवळ शून्यावर असेल तेव्हाच तो वाढलेला दिसतो. ज्या मुलात आठवा फॅक्टर चार-पाच टक्के आहे, त्याचा सीटी नॉर्मल येऊ शकतो आणि त्याच मुलाचं खतन्यानंतरचं रक्त दोन दोन दिवस थांबत नाही.

इथे एक गैरसमज आहे. हिमोफिलियाच्या मुलाचं रक्त इतरांपेक्षा जोराने वाहत नाही. ते वाहतच राहतं. खतना होतो, पट्टी बांधतात, रक्त थांबल्यासारखं वाटतं, पाहुणे जेवून जातात. रात्री लंगोट भिजलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. घरचे म्हणतात हात लागला असेल, टाका सुटला असेल. कधी खरंच टाकाच सुटलेला असतो. पण नवी पट्टी, नवा टाका घालूनही रक्त झिरपत राहिलं तर प्रश्न टाक्याचा नसतो, आणि अशा वेळी आणखी टाके घालत बसण्यापेक्षा मुलाला मोठ्या रुग्णालयात हलवणं गरजेचं असतं.

हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण

हा आजार ओळखण्याचा इतिहास आपल्याशी किती जवळून जोडलेला आहे, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. अंदलूसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबा शहराजवळ इ.स. ९३६ च्या सुमारास अबुल कासिम अल-जहरावी यांचा जन्म झाला. शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्यांचं नाव फार वरचं आहे. ‘किताब अल-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथात त्यांनी एका गावाची हकीकत नोंदवली आहे. त्या गावातल्या काही पुरुषांना जखम झाली की मरेपर्यंत रक्त थांबत नसे, आणि हिरड्या नुसत्या चोळल्या तरी लहान मुलगा रक्त जाऊन दगावल्याचं गावकरी सांगत. असं आपण दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, असंही ते लिहितात. जखम डागून रक्त थांबवण्याचा उपाय त्यांनी सुचवला. त्याच ग्रंथात त्यांनी खतना कात्रीने कसा करावा याचीही पद्धत दिली आहे.

यहुदी लोकांमध्येही सुंता आहे, आणि त्यांच्या तालमूद या धर्मग्रंथात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका निर्णयाची नोंद आहे. एका आईची दोन मुलं सुंतेनंतर रक्त जाऊन वारली असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. सख्ख्या बहिणींच्या मुलांच्या बाबतीतही तसाच विचार त्यात आहे. त्या काळात ना सूक्ष्मदर्शक होतं, ना लॅब. तरी आजार आईच्या बाजूने येतो, बहिणींच्या मुलांमध्ये दिसतो, हे त्या लोकांनी नुसतं घराण्याकडे बघून ताडलं होतं.

युरोप-अमेरिकेत या आजाराचं पहिलं नीट वर्णन फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ओटो यांनी १८०३ साली छापलं. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड याच आजाराने १८८४ मध्ये गेला, रशियाच्या झारच्या मुलालाही तो होता, म्हणून लोक याला ‘राजघराण्याचा आजार’ म्हणू लागले. आमच्या मते हे नाव फसवं आहे. तो शेतमजुराच्या घरात तितकाच येतो. फरक एवढाच की तिथे त्याला नाव मिळत नाही, “त्याच्या अंगात रक्त टिकत नाही” एवढंच म्हटलं जातं.

सुईच्या आधी प्रश्न

मोठ्या डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट प्रत्येकाने सांगितली, ती अशी की सगळ्यात चांगली तपासणी फुकट आहे. ती म्हणजे घरच्यांना प्रश्न विचारणं. मुलाची नाळ गळून पडताना बरेच दिवस रक्त आलं होतं का? रांगायला लागल्यावर गुडघ्यांवर, छातीवर निळे-काळे गोळे उठायचे का? लसीच्या इंजेक्शनच्या जागी मोठी गाठ झाली होती का? दात पडताना, जीभ चावली गेल्यावर रक्त तासन्‌तास चाललं का? गुडघा किंवा घोटा न पडताच सुजतो का?

मग घराण्याचे प्रश्न, आणि ते आईच्या बाजूचे. आईचा भाऊ, आईच्या बहिणीची मुलं, नानीचे भाऊ, यांच्यापैकी कोणी लहानपणी रक्त जाऊन गेलं का? कोणाचा गुडघा कायमचा वाकलेला आहे का? आईला स्वतःला बाळंतपणात रक्त चढवावं लागलं का?

आपल्याकडे होतं काय, की दवाखान्यात मुलाला घेऊन अब्बा आणि दादा जातात. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला असा त्रास? ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. कारण त्यांच्या घरात खरोखरच नसतो. ज्या मामूचा गुडघा वाकलेला आहे त्याची गोष्ट नानीला माहीत असते, आणि नानी त्या वेळी घरात शीर-खुर्मा ढवळत असते. म्हणून खतन्याआधीच्या भेटीला आईने जावं, आणि जमलं तर नानीलाही न्यावं.

मोठ्या मुलाचा खतना सुखरूप झाला, म्हणजे धाकट्यालाही काही नाही, हा हिशोबही चुकीचा आहे. आईमध्ये दोष असेल तर प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पहिल्याला मिळाला नाही म्हणून दुसऱ्याला मिळणारच नाही असं नाही.

पीटी आणि एपीटीटी

आता तपासणीकडे येऊ. बीटी-सीटीच्या जागी किंवा त्यासोबत जे मागायला हवं ते म्हणजे प्लेटलेट काउंट (सीबीसीमध्येच येतो), पीटी आणि एपीटीटी. तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्या लॅबमध्ये या तपासण्या काही शे रुपयांत होतात. जेवणाच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम काहीच नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

या दोन्हींमध्ये हाताच्या शिरेतून रक्त घेऊन निळ्या झाकणाच्या नळीत भरतात. त्या नळीत आधीच सोडियम सायट्रेट नावाचं औषध असतं, जे रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. लॅबमध्ये रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं करतात. त्यात गोठण्याची क्रिया सुरू करणारं रसायन आणि कॅल्शियम परत घालतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागले ते मोजतात. एका रसायनाने गोठण्याची एक वाट तपासली जाते, ती पीटी. दुसऱ्याने दुसरी, ती एपीटीटी. पीटी साधारण ११ ते १४ सेकंद असतो, एपीटीटी साधारण २५ ते ३५. प्रत्येक लॅबची हद्द थोडी वेगळी असते, त्यामुळे आकडा त्याच कागदावर छापलेल्या हद्दीशी ताडून बघावा, शेजारच्याच्या रिपोर्टशी नाही.

पीटी नॉर्मल आणि फक्त एपीटीटी वाढलेला असेल तर संशय आठव्या, नवव्या किंवा अकराव्या फॅक्टरवर जातो. हिमोफिलिया इथे सापडतो. फक्त पीटी वाढला असेल तर सातवा फॅक्टर. दोन्ही वाढलेले असतील तर यकृताचा आजार किंवा ‘के’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. हे शेवटचं नवजात बाळांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. जन्मतः बाळाच्या अंगात ‘के’ जीवनसत्त्व कमीच असतं, म्हणून प्रसूतीनंतर लगेच त्याचं इंजेक्शन देतात. अकीक्याच्या दिवशी, सातव्याच दिवशी खतना करायचा असेल तर हे इंजेक्शन मिळालं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर बघून घ्या. प्रसूती घरी झाली असेल तर नक्कीच विचारा.

आता खरं ते सांगायला हवं. एपीटीटी नॉर्मल आला म्हणजेही शंभर टक्के खात्री नाही. सौम्य हिमोफिलियात तो हद्दीच्या आत येऊ शकतो. तेराव्या फॅक्टरची कमतरता पीटीत दिसत नाही, एपीटीटीतही दिसत नाही. तिच्यासाठी गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवून ती विरघळते का ते बघण्याची वेगळी तपासणी आहे. नाळेतून रक्त आलेल्या बाळात तिचा विचार करावाच लागतो. ग्लँझमन नावाच्या आजारात प्लेटलेट्सची संख्या बरोबर असते, पीटी-एपीटीटी बरोबर असतात, आणि तरी रक्त थांबत नाही. बिचाऱ्या बीटीचा उपयोग होतो तो अशाच ठिकाणी. म्हणून घराण्यात गोष्ट असेल आणि रिपोर्ट नॉर्मल असेल, तर रिपोर्टपेक्षा गोष्टीवर विश्वास ठेवून रक्तविकार तज्ज्ञाकडे जावं.

नळीचा प्रवास

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. पाथर्डी, जामखेड, अकोले अशा ठिकाणी रक्त घेतलं जातं आणि नळी पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवली जाते. साखर, थायरॉइडसाठी हे चालतं. गोठण्याच्या तपासणीसाठी असं सरसकट चालत नाही. एपीटीटी रक्त घेतल्यापासून चार तासांच्या आत व्हायला हवा. नळी रात्रभर प्रवासात राहिली तर आठवा फॅक्टर आपोआप कमी होत जातो आणि धडधाकट मुलाचा रिपोर्टही बिघडलेला येतो. पाठवायचंच असेल तर प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून, बर्फात पाठवावा लागतो. आमच्या पाहण्यात असा एक रिपोर्ट आला होता, ज्यावरून घरात आठवडाभर रडारड चालली; मुलाला प्रत्यक्ष मोठ्या शहरात नेऊन तपासल्यावर सगळं ठीक निघालं.

नळीवर एक खूण असते, रक्त तिथपर्यंत भरायला हवं. नऊ भाग रक्त आणि एक भाग औषध हे प्रमाण आहे. लहान मूल हलतं, शीर सापडत नाही, अर्धी नळी भरते आणि “चालेल” म्हणून तीच लावली जाते. अशा नळीत औषध जास्त पडतं आणि एपीटीटी खोटाच वाढलेला दिसतो. दोन-तीनदा टोचून, ओढून ओढून घेतलेलं रक्त नळीत आधीच गोठायला लागतं. त्यामुळे रिपोर्ट बिघडलेला आला तर घाबरून जाण्याआधी तपासणी चांगल्या ठिकाणी पुन्हा करावी. आणि मूल रडरड रडलं असेल तर वॉन विलेब्रँडचा रिपोर्ट उलट बाजूने फसवू शकतो, कारण ताणामुळे हा फॅक्टर आणि आठवा फॅक्टर, दोन्ही तात्पुरते वाढतात.

रमजानमध्ये रक्त दिलं तर रोजा तुटतो का, या शंकेने बरेच जण तपासणी ईदनंतर ढकलतात. तपासणीसाठी थोडं रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं बहुसंख्य आलिम सांगतात. शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा, पण आजारी मुलाची तपासणी महिनाभर अडवू नका.

पुढची पायरी

एपीटीटी दुसऱ्यांदाही वाढलेला आला तर लॅब मिक्सिंग टेस्ट करते. पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा अर्धा मिसळतात. वेळ नॉर्मल झाला तर फॅक्टर कमी आहे असं समजतं. नाही झाला तर फॅक्टरला अडवणारं काहीतरी रक्तात आहे. त्यानंतर फॅक्टर अ‍ॅसे, म्हणजे नेमका कोणता फॅक्टर किती टक्के आहे हे मोजणं. एक टक्क्याच्या खाली म्हणजे तीव्र, एक ते पाच मध्यम, पाच ते चाळीस सौम्य. नवजात बाळात आठवा फॅक्टर लगेच खात्रीने मोजता येतो, नववा मात्र जन्मतः सगळ्यांचाच कमी असतो, त्यामुळे सौम्य हिमोफिलिया ‘बी’ सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासून पक्का करतात.

हे सगळं कुठे? पहिली चौकशी नगरच्या जिल्हा रुग्णालयात करा. पुढे पुण्याचं ससून रुग्णालय, मुंबईचं केईएम, आणि संगमनेर-अकोले-कोपरगावच्या लोकांना जवळ पडणारं नाशिकचं जिल्हा रुग्णालय, इथे हिमोफिलियाच्या पेशंटवर सरकारी खर्चाने उपचार होतात, फॅक्टरची इंजेक्शनं मोफत मिळतात. बाजारात ही इंजेक्शनं सामान्य घराला झेपणारी नाहीत, म्हणून नोंदणी महत्त्वाची. केईएमच्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, जिला डॉक्टर मंडळी एनआयआयएच म्हणतात. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रक्तस्रावाच्या आजारांच्या निदानात देशात अग्रेसर मानली जाते. अवघड केस तिथे जातात, आई वाहक आहे का याची जनुकीय तपासणी तिथे होते. हिमोफिलिया ‘ए’ आणि वॉन विलेब्रँडसाठी मोठ्या यंत्राशिवाय झटपट होणारं तपासणी किटही तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलं आहे. असं किट उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू लागलं तर नळीच्या प्रवासाचा वर सांगितलेला सगळा खटाटोप संपेल.

१९८३ साली स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. तिच्या शाखा पुणे, मुंबई, नाशिक इथे आहेत. निदान झाल्यावर घरच्यांना पहिला धीर बहुतेक वेळा इथेच मिळतो, कारण समोर बसलेल्या माणसाने हेच भोगलेलं असतं.

मग खतना व्हायचाच नाही का?

होतो. हिमोफिलिया असलेल्या मुलांचा खतना मोठ्या रुग्णालयात, आधी फॅक्टरचं इंजेक्शन देऊन, नंतरही काही दिवस देत राहून, सुरक्षितपणे केला जातो. घाई मात्र करता येत नाही, आणि घरी, पारंपरिक पद्धतीने तर मुळीच नाही. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचा खतना पुढे ढकलायला किंवा सोडून द्यायला शरीयतमध्ये सवलत आहे. बिरादरीतले लोक विचारतील, “अजून नाही केला?” त्यांना काय उत्तर द्यायचं हे घरच्यांनी आधी ठरवून ठेवावं. आमच्या मते “डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय” एवढं पुरेसं आहे. आजाराचं नाव गावभर करायची गरज नाही, लपवायचीही नाही.

याच ठिकाणी दुसरा विषय निघतो, तो जास्त दुखरा. “आईकडून आला” हे वाक्य डॉक्टर विज्ञान म्हणून सांगतात आणि सासरचे ते आरोप म्हणून ऐकतात. सुनेला माहेरी पाठवल्याचे, दुसऱ्या निकाहची भाषा झाल्याचे प्रकार आमच्या कानावर आले आहेत. तर हे समजून घ्या. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. दोष नव्याने तयार झालेला असतो. आणि ज्या आईत तो आधीपासून असतो, तिलाही तो कोणीतरी न विचारताच दिलेला असतो. बापाला हिमोफिलिया असेल तर त्याच्या मुलग्यांना तो जात नाही, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात. यात कोणाचं पाप नाही, कोणाची नजर लागलेली नाही.

नात्यातल्या लग्नांबद्दलही लोक विचारतात. सर्वसाधारण हिमोफिलिया मामू-चाचांच्या मुलांमधल्या लग्नामुळे होत नाही. पण ग्लँझमन, तेराव्या, सातव्या, दहाव्या फॅक्टरची कमतरता हे आजार आई आणि बाप दोघांकडून दोष आल्यावर होतात, आणि नवरा-बायको एकाच घराण्यातले असतील तर तशी शक्यता वाढते. शरीयतमध्ये असं लग्न जायज आहे, आम्ही त्यावर बोट ठेवत नाही. घराण्यात एका मुलाला असा आजार निघालेला असेल तर पुढचं नातं ठरवण्याआधी तपासणी करून घ्यावी, एवढंच म्हणतो.

मुलींचं काय?

वॉन विलेब्रँड आजाराचा शोधच एका मुलीमुळे लागला. फिनलंडचे डॉक्टर एरिक वॉन विलेब्रँड यांच्याकडे आलांद बेटांवरची एक लहान मुलगी आणली गेली, जिच्या घराण्यात रक्त जाण्याची गोष्ट सर्वांना माहीत होती. त्यांनी १९२६ साली त्यावर लेख लिहिला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीत रक्त जाऊन वारली.

आठवी-नववीतली एखादी मुलगी दर महिन्याला चार दिवस गैरहजर राहते, चेहरा पांढरा पडलेला, जिना चढताना धाप लागते. घरी म्हणतात, आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं. सगळ्यांनाच जास्त जातं, हेच तर तपासायला हवं. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गुठळ्या जात असतील, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर ही तपासणीही करा. लग्न जमणार नाही या भीतीने आया गप्प राहतात. तपासणी न करता लग्न लावून दिलं तर पहिल्या बाळंतपणात काय होऊ शकतं, हे त्या आयांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असेल.

हिजामा, हृदयाच्या गोळ्या आणि आयएनआर

आता थोडं उलट बाजूचं. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, त्यांना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या असतात. वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रॉम ही त्यातली नेहमीची नावं. या गोळ्यांसाठी पीटीचाच हिशोब आयएनआर या आकड्यात देतात. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, गोळी घेणाऱ्याचा बहुतेक वेळा दोन ते तीन ठेवतात, काही झडपांमध्ये थोडा जास्त. तीन महिने तपासलाच नाही आणि गोळी चालू, हे धोक्याचं. मेथी-पालक एकदम जास्त खाल्ल्याने किंवा दुसऱ्या औषधांनीही आकडा सरकतो.

असे लोक आणि रक्तस्रावाचा आजार असलेले लोक हिजामा करून घेतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. हिजामा करणाऱ्या हकीमसाहेबांनी आधी दोन प्रश्न विचारावेत: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, घरात रक्त न थांबण्याचा त्रास आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी आणल्याशिवाय हात लावू नये.

शाळेत आणि मदरशात

हिमोफिलियाच्या मुलाचं रक्त बाहेर कमी आणि सांध्यात जास्त जातं. मूल लंगडतं, खाली बसायला नको म्हणतं, सगळे समजतात नाटक करतंय. सुजलेला गुडघा चोळू नये, मालिश करू नये. बर्फ लावावा, पाय स्थिर ठेवावा आणि लवकरात लवकर फॅक्टर मिळेल तिथे न्यावं. डोक्याला मार लागला तर बाहेर रक्त दिसो न दिसो, तास न घालवता रुग्णालयात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक चालत नाही, आणि कमरेत इंजेक्शन तर नाहीच. अशा मुलाला हात उगारणं कोणत्याच मुलाइतकंच वाईट आहे, पण इथे एका छडीने सांधा सुजू शकतो, हे मदरशातल्या उस्तादांनाही सांगायला हवं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश आहे. म्हणजे जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. मुलाच्या दप्तरात एका जाड कागदावर त्याच्या आजाराचं नाव, कोणता फॅक्टर किती टक्के, रक्तगट, उपचार चालू असलेल्या रुग्णालयाचा आणि घरचा फोन लिहून ठेवा. त्याची एक झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे द्या, एक मदरशात, आणि एक त्या नानीकडे, जिच्या घरी मूल सुट्टीत जाणार आहे.